अस्थी, दंत आणि पोषण

अस्थी व दंत यांचा उल्लेख आपण जोडीने करतो. दोहोंना काठिण्य येते ते मुख्यतः कॅल्शियम व फॉस्फरस यांच्या संयुगामुळे; शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम या दोहोंतच असते. तथापि त्यांच्या घडणीत एक मूलभूत भेद आहे.

अस्थी सजीव असते. प्रथम प्रथिनतंतूंचे जाळे विणले जाते व त्यावर क्षार बसतात. हे जाळे बळकट होण्यास ‘क’ जीवनसत्त्व लागते, तर आतड्यातून कॅल्शियम पुरेसे शोषले जाण्यास ‘ड’ जीवनसत्त्व. हे दुसरे सूर्यप्रकाशाने त्वचेतही तयार होते. त्याच्या अभावी मुलांची वाढती हाडे मऊ राहून वाकतात, हाच मुडदूस. रक्तातील कॅल्शियम घटू लागले, म्हणजे अस्थीतील साठा वापरला जातो. ही झीज व भरपाई आयुष्यभर चालते.

दातावरील एनॅमलची गोष्ट निराळी. ते घडविणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येताच नाहीशा होतात. लाळेतील क्षार व फ्लोराइड यांमुळे किरकोळ डागडुजी होते. परंतु गेलेला थर पुन्हा निर्माण होत नाही. दुधाच्या दातांचे एनॅमल तर गर्भावस्थेतच घडू लागते.

म्हणून गर्भवतीच्या व बालकाच्या आहाराला विशेष महत्त्व आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तितक्याच पांढऱ्या तांदळात ते दहाच्या आसपास भरते. अस्थीची उणीव पुढे काही अंशी भरून काढता येते. एनॅमलच्या बाबतीत मात्र गेलेली वेळ परत येत नाही.