रुग्णाचे निवेदन

डॉक्टरांविषयीची रुग्णांची तक्रार पुष्कळदा औषधाची नसून ‘आमचे ऐकूनच घेतले नाही’ अशी असते. तीस मापनाचा आधार १९८४ मध्ये अमेरिकेत बेकमन व फ्रँकेल यांनी दिला. त्यांनी अभ्यासिलेल्या ७४ भेटींपैकी अवघ्या २३ टक्के भेटींत रुग्णाचे प्रारंभीचे निवेदन पुरे झाले. जेथे डॉक्टरांनी ते तोडले, तेथे सरासरी १८ सेकंदांतच! वेळेच्या अभावाची सबब येथे फारशी टिकत नाही. स्वित्झर्लंडमधील बाझल येथे ३३५ रुग्णांस न अडविता बोलू दिले, तेव्हा ते सरासरी ९२ सेकंदांत आपण होऊन थांबले, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. शिवाय रुग्ण प्रथम सांगतो तीच त्याची मुख्य व्यथा, हे गृहीतही संशयास्पद होय. संकोचाची गोष्ट तो कित्येकदा उठता उठताच बोलतो.