कच्चे वराहमांस हाताळणाऱ्या खाटकांमधील जीवाणुसंसर्गविषयक जाणीव : मुंबई उपनगरांच्या संदर्भात

वराहमांसापासून होणाऱ्या आजारांची आपल्याकडील चर्चा बहुधा खाणाऱ्याच्या बाजूने होते. मांस नीट न शिजवल्यास फीतकृमी होतात, हे शालेय विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. परंतु शिजण्यापूर्वी ते ज्याच्या हातून जाते, त्या खाटकाला या उपदेशाचा काहीच उपयोग नाही. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित बाजूचा विचार केला आहे.

अंधेरी, मरोळ, बोरिवली या भागांतील ईस्ट इंडियन व गोवेकर ख्रिस्ती वस्तीमुळे वराहमांसाचा व्यवसाय येथे जुना आहे. बोरिवलीत तर एके काळी शासकीय बेकन कारखाना होता. नाताळच्या सुमारास सोरपोतेलसाठी मांसाबरोबर काळीज व इतर अवयवही लागतात. गिऱ्हाइकांच्या गर्दीत सुरी बोटाला लागणे ही या धंद्यात नवलाची गोष्ट नव्हे. हळद दाबून काम पुढे चालू राहते.

नेमकी हीच जखम जीवाणूंचे प्रवेशद्वार ठरते. एरिसिपेलोथ्रिक्स या जीवाणूमुळे साधारणतः आठवडाभरात बोटावर जांभळट, ठणकणारी सूज येते. तिच्यात पू नसतो, म्हणून ती मुकामार समजली जाते. स्ट्रेप्टोकॉकस सुईस हा अधिक घातक. त्याचे मानवी रुग्ण प्रथम 1968 मध्ये डेन्मार्कमधून नोंदले गेले. 2005 साली चीनच्या सिचुआन प्रांतात आजारी वा मेलेली डुकरे कापणाऱ्या, हाताळणाऱ्या दोनशेहून अधिक लोकांना त्याची लागण झाली आणि तीसहून अधिक दगावले. या जीवाणूमुळे मेंदूच्या आवरणाला दाह होतो व वाचलेल्या अनेकांना कायमचे बहिरेपण येते. बहिरेपणाचा संबंध बोटावरच्या जखमेशी सहसा कोणी जोडत नाही.

जाणीव मोजताना येथेच गफलत संभवते. ‘डुकरापासून आजार होतात का?’ या प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर मिळाले, तरी उत्तर देणाऱ्याच्या मनात 2009 चा स्वाइन फ्लू असू शकतो. तो विषाणूजन्य, माणसाकडून माणसाला श्वासावाटे पसरलेला. मांस कापण्याशी त्या साथीचा संबंध नव्हता. म्हणून प्रश्नावलीत आजाराच्या नावाऐवजी कृतीविषयी विचारणे अधिक उचित : जखम झाल्यावर काय करता? ती झाकून काम करता का? ताप आल्यास डॉक्टरांना धंदा सांगता का?

शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. हे दोन्ही जीवाणू सहसा पेनिसिलिनला दाद देतात. मात्र एरिसिपेलोथ्रिक्सवर व्हँकोमायसिन चालत नाही. रुग्ण खाटीक आहे, हे केसपेपरवर आले नाही, तर या निदानाकडे लक्ष जाणे कठीण. उलटपक्षी, साबणाने हात धुणे, जखमेवर जलरोधक पट्टी आणि सुरी न धरणाऱ्या हातात पोलादी जाळीचा मोजा, एवढी साधने लहान दुकानदारालाही आवाक्यातील आहेत.