क्लिदरो
इंग्लंडच्या लँकाशर परगण्यातील ऐतिहासिक बाजारपेठेचे गाव. तसेच त्याच नावाचा नभोवाणी-विनोदकार. गावाची लोकसंख्या सु. १४,८०० (२०११). हे मँचेस्टरच्या उत्तरेस रिबल नदीच्या खोऱ्यात वसले असून जवळच पेंडल ही टेकडी (५५७ मी.) आहे. मध्ययुगात द लासी या सरंजामी घराण्याच्या अमलाखाली, चुनखडकाच्या उंचवट्यावरील किल्ल्याच्या पायथ्याशी बाजारपेठ वाढली. किल्ल्याचा जुना, आकाराने लहानसा बुरूज अद्याप उभा आहे. एकोणिसाव्या शतकात येथे कापडगिरण्या होत्या. पुढे चुनखडकामुळे सिमेंट उद्योग वाढला.

जिमी क्लिदरो (२४ डिसेंबर १९२१–६ जून १९७३) याचा जन्म याच गावी झाला. बालपणीच वाढ खुंटल्याने त्याची उंची सु. १३० सेंमी. राहिली, आवाजही मुलाचाच राहिला. बीबीसीवरील ‘द क्लिदरो किड’ या विनोदी श्रुतिकामालेत त्याने १९७२ पर्यंत खोडकर शाळकरी मुलाची भूमिका केली. ध्वनिमुद्रणाच्या वेळी निमंत्रित श्रोत्यांसमोर तो शाळेच्या गणवेशातच उभा राही. मातेच्या अंत्यविधीच्या दिवशीच त्याचा मृत्यू झाला.

मराठीत ‘-कर’ या प्रत्ययामुळे गाव व आडनाव यांत भेद राहतो. इंग्रजीत मात्र गावाचे नाव प्रत्ययाविना आडनाव होते. त्यामुळे मालेच्या शीर्षकातील ‘क्लिदरो’ हे गाव नसून नायकाचे आडनाव आहे. कथेतील घर उत्तर इंग्लंडमधील एका अनाम गावात होते. तरीही ज्यांनी हे गाव कधी पाहिले नव्हते, अशा श्रोत्यांच्या घरोघरी त्याचे नाव या मालेमुळेच पोहोचले.