कपाटावरची पानफुटी

श्रोतेहो, शाळेच्या व्हरांड्यात किंवा घराच्या पडवीत पत्र्याच्या डब्यात लावलेली पानफुटी आपण सर्वांनी पाहिलेली आहे. पान ओल्या मातीवर ठेवले की कडेच्या खाचांतून इवली इवली रोपे फुटतात. नाव ठेवणाऱ्याने दोन शब्दांत सारे शास्त्र सांगून टाकले, असे आम्हां भाषेच्या मास्तरांना वाटते. पण हीच पानफुटी वर्षभर आतल्या खोलीत कपाटावर राहिली, की तिची ओळख पटेनाशी होते. कोणी म्हणते, ही वेल असावी. कोणी म्हणते, जातच निराळी.

जात तीच असते. उन्हातल्या पानफुटीची पेरी आखूड, पाने जाड, कडेला तांबूस रेघ. अंधारात पेरी लांबतात, पाने पातळ आणि फिकी होतात, रेघ पुसली जाते आणि शेंडा खिडकीकडे झुकतो. ऑक्झिन नावाचे वाढद्रव्य सावलीच्या बाजूला अधिक जमते, ती बाजू जास्त लांबते, म्हणून झाड वाकते. चार्ल्स डार्विन आणि त्यांचे चिरंजीव फ्रान्सिस यांनी १८८० साली, गवताच्या अंकुरांवर केलेल्या प्रयोगांतून, उजेडाची जाणीव शेंड्याला होते हे दाखवून दिले. लांबलेले झाड पाहून लोक म्हणतात, जोम धरलाय! जोम कसला, बिचारे उजेड धुंडाळते आहे.

आणि मग मलूल झाड दिसले की आपला हात तांब्याकडे जातो. पानफुटी मरते ती बहुधा इथे.

असे का, ते पाहू. दक्षिण हिंदुस्थानात काम केलेले वनस्पतितज्ज्ञ बेंजामिन हाइन यांनी १८१३ च्या सुमारास एक गंमत नोंदवली. पानफुटीचे पान सकाळी चुक्यासारखे आंबट लागते, दुपारपर्यंत बेचव होते. पानफुटी आपली रंध्रे मुख्यतः रात्री उघडते, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते आणि आम्लाच्या रूपात साठवते. दिवसा रंध्रे मिटून, उजेडाच्या बळावर त्या साठ्याची साखर करते. पाणी वाचवण्याची ही युक्ती. उजेडच नसेल तर साखर होणार कशी? वाढ खुंटते, पाणी उचलणे मंदावते. पानांत पाणी आहेच, वरून आपण रोज ओततो, मुळे कुजतात. तहानलेल्या झाडाची पाने सुरकुततात आणि माती कोरडी असते. बुंधा मऊ, काळसर आणि माती ओली असेल, तर तो कुजण्याचाच प्रकार.

शिक्षकांनी मुलांना चव घ्यायला लावू नये. उन्हातल्या झाडाचे एक पान सकाळी आणि एक दुपारनंतर ठेचून रस पीएच कागदावर लावला, तर फरक दिसतो.

तुम्ही म्हणाल, आमच्या खोलीत चांगला उजेड आहे! डोळा फसवतो, बरे का. दुपारच्या मोकळ्या उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. खिडकीपासून दूर, खोलीच्या आत तो अनेकदा दोन-तीनशेच भरतो. भर दिवसा कुंडीवर हात धरून पाहा. सावली स्पष्ट पडली नाही, तर जागा बदला. पूर्वेची खिडकी उत्तम. मात्र कपाटावरून एकदम भर उन्हात नेऊ नका, पाने भाजतात. आठ-पंधरा दिवसांत हळूहळू सवय लावा. डब्याला खाली भोक हवेच. माती दोन पेरे खोल कोरडी लागली तरच पाणी.

लांबलेले खोड पुन्हा आखूड होत नाही. शेंडा चार बोटे छाटावा, दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्यावा आणि रेतीमिश्रित मातीत लावावा. उरलेल्या खुंटालाही फुटवे येतात.

छाटलेला पाला मात्र गोठ्याकडे टाकू नये. गुरांच्या हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये त्यात असतात. ऑस्ट्रेलियात पानफुटीच्या जातीची झाडे खाऊन गुरे दगावली आहेत. उकिरड्यावरही नको, तिथे पान पडेल तिथे रोप उठेल. खड्डा करून खोल पुरावा.