लेखणी आणि सातबारा

"लिहून पोट भरतं का रं?" आप्पांचा हा प्रश्न. आप्पा वीटभट्टीवर, घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. लेखक होण्याचे वेड मात्र चौथीपासूनचे. नारायण सुर्वे यांनी शाळेत शिपायाची नोकरी करीत कविता लिहिली, तेव्हा नोकरी मीही करीनच. पण लेखन ही मिळकतही असते, हे १९५७ चा कॉपीराइट कायदा चाळताना कळले. लेखकाचा हक्क हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले. 'फकिरा'वरील हक्क २०२९ अखेरपर्यंत. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार हवा. त्यात मुदत नसेल तर ५ वर्षे धरतात. (आपण मात्र न वाचताच सही ठोकणार!)

आप्पा म्हणाले, "म्हंजे सातबाराच की!"

आमच्या घरात आजवर कुणाच्याच नावे सातबारा नाही.