बालकांचा कृमिदन्त : कोणती तपासणी काय दाखविते?

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील १६ व्या अध्यायात कृमिदन्तकाची लक्षणे आली आहेत : दात काळवंडणे, छिद्र पडणे, दात हलणे, स्राव, शोथ आणि कारणावाचून उठणारी तीव्र वेदना. षट्क्रियाकालाच्या दृष्टीने पाहता ही सारी व्यक्ति आणि भेद या अवस्थांची रूपे आहेत. त्यापूर्वीची कीड ओळखता आली, तर छिद्र पडण्याआधीच ती थोपविता येते. म्हणूनच दंतवैद्यकातील तपासण्यांची तुलना आपल्या वाचकांपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

दुधाच्या दातांवरील इनॅमलचा थर कायम दातांच्या मानाने पातळ, सुमारे निम्म्या जाडीचा असतो. त्यामुळे कीड आतील मज्जेपर्यंत लवकर पोहोचते. शिवाय मागील दोन दाढा एकमेकींना रुंद पृष्ठभागाने भिडलेल्या असल्याने त्यांच्या फटीतील कीड वरून दिसत नाही.

१) प्रत्यक्ष दर्शन : दात स्वच्छ व कोरडा करून चांगल्या उजेडात पाहणे ही पहिली पायरी होय. कोरड्या दातावर दिसणारा खडूसारखा पांढरा डाग ही आरंभीची खूण असते. टोकदार सळईने दाबून पाहू नये. त्याने मऊ पडलेला भाग फुटू शकतो.

२) बाइटविंग एक्स-रे : लहानशी पट्टी दातांत धरून घेतलेल्या या चित्रात वरच्या व खालच्या दाढांच्या फटी एकाच वेळी दिसतात. कीड किती खोल गेली व मज्जेपासून किती दूर आहे, हे याच तपासणीतून उत्तम कळते. किरणोत्सर्गाची मात्रा काही मायक्रोसीव्हर्टएवढी अल्प असते. तरीही प्रत्यक्ष तपासणीनंतर गरज ठरल्यावरच तो काढावा.

३) लेसर प्रतिदीप्ती : ६५५ नॅनोमीटरचा लाल प्रकाश टाकून परत येणारी चमक यंत्र आकड्यात दाखविते. किरणोत्सर्ग नसतो, मात्र डाग, दंतशर्करा वा दंतमंजनाचा अंश राहिल्यास आकडा खोटा वाढतो.

४) पारप्रकाशन : दातातून तीव्र किंवा अवरक्तसमीप प्रकाश सोडल्यास कीड गडद छायेसारखी उमटते. मूल सहज सहन करते. परंतु मज्जेपासूनचे अंतर यातून कळत नाही.

संपूर्ण जबड्याचा एक्स-रे केवळ किडीसाठी काढू नये, कारण त्यात दाढा एकमेकींवर सरकून फटी झाकल्या जातात. कोन-बीम सीटीची मात्रा तर कितीतरी अधिक असते.

कॉक्रेनच्या २०२१ च्या आढाव्यात आरंभीची कीड शोधण्यात एक्स-रेसारख्या प्रतिमातंत्रांची संवेदनशीलता सुमारे ४७ टक्के आढळली. निरोगी पृष्ठभाग निरोगी ठरविण्याचे प्रमाण मात्र ८८ टक्के होते. प्रतिदीप्तीचे हेच आकडे (२०२०) ७० व ७८ टक्के होते. बरेचसे अभ्यास काढलेल्या दातांवर झाले असल्याने हे आकडे जसेच्या तसे चिकित्सालयात लागू होत नाहीत. तथापि, एक्स-रे स्वच्छ आला म्हणजे आरंभीची कीड नाहीच, असे समजू नये, एवढा बोध त्यातून निश्चित होतो.

यास्तव आमचे मत असे : प्रथम डोळ्यांनी तपासणी, दाढा भिडलेल्या असून धोका अधिक असल्यास बाइटविंग, प्रकाशाच्या पद्धती पूरक म्हणून. रात्री दुधाची बाटली, वरचेवर गोड खाणे, तसेच मधयुक्त वा शर्करायुक्त अवलेह दीर्घकाळ चालू असणे ही धोक्याची कारणे इतिहासात अवश्य विचारावीत.

औषधालयचालकांचीही येथे जबाबदारी आहे. लवंगतेलाने वेदना शमते, कीड थांबत नाही. मज्जा मृत झाल्यावरही दुखणे आपोआप थांबते आणि पालकांस दात बरा झाल्यासारखे वाटते. आत मात्र पूय साचून खालच्या कायम दातास अपाय होऊ शकतो. दुधाची दुसरी दाढ १० ते १२ वर्षांच्या वयापर्यंत टिकावयाची असते; "पडणारच आहे" म्हणून ती सोडून देणे योग्य नव्हे. बालकासाठी लवंगतेल दुसऱ्यांदा मागितले गेल्यास ते देण्यापूर्वी दंतवैद्याकडे जाण्याचा सल्ला द्यावा. वेदनाशमन आणि व्याधिनिवृत्ती यांतील भेद रुग्णास समजावून सांगणे हे आपल्याच शास्त्राचे काम आहे.