युरियाच्या एका पोत्याचा हिशेब

हंगामात हिंगणघाटच्या बाजार समितीत कापसाच्या गाड्यांची रांग लागते. जिनिंगमध्ये रुई आणि सरकी वेगळी होते, रुईच्या 170 किलोच्या गाठी बांधल्या जातात आणि सूतगिरण्यांकडे रवाना होतात. या सगळ्या खटाटोपात हवेत किती हरितगृह वायू गेले, हे कंपन्या सांगतात तरी कसं? धुराड्याला यंत्र लावून मोजणारे कारखाने थोडेच. बहुतेकांचा हिशेब विजेचं बिल, जनरेटरच्या डिझेलची नोंदवही आणि खरेदीच्या पावत्या यांवरून मांडला जातो.

सूत्र साधं आहे: जेवढा वापर, त्याला उत्सर्जन गुणांकानं गुणायचं. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड. महावितरणच्या एका युनिटमागे साधारण 0.7 किलो, कारण देशाच्या ग्रिडमधली बरीचशी वीज अजून कोळशावरच तयार होते. विजेचा हा गुणांक केंद्रीय विद्युत प्राधिकरण प्रसिद्ध करतं.

या हिशेबाची जगभर चालणारी पद्धत म्हणजे ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल. 2001 मध्ये आलेल्या या मानकानं उत्सर्जनाचे तीन भाग पाडले. स्वतःच्या भट्टीत, बॉयलरमध्ये, वाहनांत जळतं ते स्कोप 1. विकत घेतलेल्या विजेचं ते स्कोप 2. कच्च्या मालापासून ग्राहकाच्या वापरापर्यंतचं बाकी सगळं स्कोप 3.

वर्ध्याजवळच्या भूगावसारख्या ठिकाणी, जिथे झोतभट्टीत लोखंड तयार होतं, तिथे मोठा भार स्कोप 1 वर असतो. कोक तिथे उष्णता देतो आणि खनिजातला ऑक्सिजनही काढून घेतो, म्हणून नुसती वीज हरित करून भागत नाही. एक टन पोलादामागे कार्बन डायऑक्साइडची जगाची सरासरी 2 टनांच्या आत आहे, भारताची अडीच टनांच्या आसपास. डिसेंबर 2024 मध्ये केंद्रीय पोलाद मंत्रालयानं हरित पोलादाची मर्यादा 2.2 टन ठरवली. युरोपचा सीमेवरचा कार्बन कर जानेवारी 2026 पासून प्रत्यक्ष लागू झाला आहे. तिथे माल पाठवणाऱ्यानं टनामागचा खरा आकडा पुराव्यासह दिला नाही, तर ठरवून दिलेला गृहीत आकडा धरला जातो.

कापडाचं गणित मात्र वेगळं. तयार कपडे विकणाऱ्या कंपनीचं बहुतांश उत्सर्जन स्कोप 3 मध्ये असतं, आणि त्याची मुळं थेट पऱ्हाटीच्या वावरात जातात. शेअर बाजाराची नियामक सेबीनं बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना 2022-23 पासून शाश्वतता अहवाल सक्तीचा केला. त्यात स्कोप 1 आणि 2 द्यावेच लागतात; स्कोप 3 ऐच्छिक आहे. म्हणजे जिथे भार सर्वाधिक, तिथेच सूट. ही या व्यवस्थेची मोठी उणीव आहे.

आकडा दिला तरी तो कितपत खरा? कापसाला घातलेलं युरियाचं 45 किलोचं एक पोतं घ्या. त्यात 46 टक्के, म्हणजे सुमारे 20.7 किलो नत्र. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या सर्वसाधारण गृहीतकानुसार त्यातलं 1 टक्का नत्र मातीतून नायट्रस ऑक्साइड होऊन उडतं. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 265 पट तापवणारा. त्यातल्या ऑक्सिजनचं वजनही धरून हिशेब येतो साधारण 86 किलो कार्बन डायऑक्साइडइतका.

आता आयपीसीसीची 2019 ची सुधारणा लावा. कोरड्या हवामानात रासायनिक खतासाठी 0.5 टक्के, ओल्या हवामानात 1.6 टक्के. उष्ण कटिबंधात कोरडं-ओलं ठरवणारी रेषा वर्षाला 1000 मिलिमीटर पावसाची. वर्ध्याची सरासरी याच रेषेच्या आसपास घुटमळते! त्यामुळे त्याच पोत्याचा आकडा कोरडं धरलं तर 43 किलो, ओलं धरलं तर 138. शेतकरी तोच, वावर तेच, आणि कंपनीच्या अहवालातला आकडा तिपटीनं बदलतो.

यावर उपाय आहे: विदर्भाच्या काळ्या जमिनीत प्रत्यक्ष मोजणी करून स्थानिक गुणांक काढणं. कृषी विद्यापीठं हे काम करू शकतात. त्याचा खर्च इथला कापूस घेणाऱ्या कंपन्यांनी उचलायला हवा. तोवर एखाद्या ब्रँडनं उत्सर्जन घटवल्याची जाहिरात केली, तर वाचकांनी त्याचा अहवाल उघडून दोन गोष्टी जरूर तपासाव्यात: स्कोप 3 दिला आहे का, आणि त्यातला कापसाचा आकडा शेतातून आला की सरासरीच्या तक्त्यातून.